टगरपिशीचा शंख

टगरपिशीच्या तोंडी लागायची शांतिपुरातल्या त्या आळीत कुणाची छाती नव्हती. भाजीवालासुद्धा तिच्या दारात काटा दोनदा झटकून मगच वांगी तोलायचा. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही. शंख मात्र असा फुंकायची की पुजाऱ्याचा मंत्र संपे, तिचा दम संपत नसे. दुर्गापूजेत अष्टमी संपून नवमी लागताना संधिपूजा होते, तेव्हाचा शंख तिचाच, हे ठरलेलं.

पिशी म्हणजे आत्या, साऱ्या आळीचीच; सख्खी भाची मात्र एकच, तिच्या भावाची मुलगी तितिर. पोरीला आई नाही, स्नायू जन्मापासून दुबळे. न्यूमोनिया झाला तेव्हा कोलकात्याच्या इस्पितळात ती कितीतरी महिने व्हेंटिलेटरवर होती, आणि शेवटी मशीन घेऊनच घरी आली. गळ्याला भोक, भोकात नळी, नळीला मशीन. मशीन श्वास देतं म्हणून तितिर जगते. इतकी साधी गोष्ट, पण पूजा भरवणाऱ्या क्लबच्या पोरांच्या टाळक्यात शिरत नव्हती.

मंडपाच्या रोषणाईसाठी त्यांनी विजेच्या तारेवर आकडा टाकला. आळीतले दिवे मिणमिणायला लागले, मशीन सारखं बॅटरीवर जाऊन कोकलायला लागलं. भावाला तितिरजवळ बसवून पिशी तणतणत क्लबच्या सेक्रेटरीकडे, बिल्टूकडे गेली.

"बिल्ट्या, आकडा काढ."

"चारच दिवस तर माँ येते, पिशी. जरा सांभाळून घे ना."

"तुझी माँ मातीची आहे रे, तिला श्वास लागत नाही. माझ्या पोरीला लागतो!"

पोरं फिदीफिदी हसली. बिल्टूही हसला.

अष्टमीच्या संध्याकाळी व्हायचं तेच झालं. ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला आणि आळी काळोखात बुडाली. भाऊ रिक्षा घेऊन सवाऱ्या मारत होता. मशीनच्या बॅटरीने थोडा वेळ तग धरला आणि मान टाकली. पिशीने नळीला रबरी फुगा जोडला आणि हाताने दाबायला घेतला. दाब, सोड. दाब, सोड.

खिडकीतून समोरचा मंडप दिसत होता. क्लबचा जनरेटर सुरू झाला होता, देवी झगमगत होती. पिशीने दोन दाबांच्या मधे बोट मारून बिल्टूला फोन लावला, तो वाजून वाजून बंद पडला. "मुडद्यांनो, एक तार इकडे टाका!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. ढाक-ढोलांच्या दणदणाटात कोण ऐकतंय! संतापाने तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात बिल्टूच दारात उभा. कोरं धोतर, अत्तराचा घमघमाट.

"अंधारात काय बसलीस, पिशी? चल, संधिपूजा लागते आहे. शंख कोण फुंकणार?"

पिशीने शिवी दिली नाही. बिल्टूने तेव्हाच पळायला हवं होतं.

"हात धू. इथे बस. मी दाबते तसं दाब."

तो गमतीत बसला. पिशीने त्याच्या हातावर हात ठेवून ताल दिला. तितिरची छाती नीट वर-खाली होते आहे हे बघितलं, आणि मग तिने हात काढून घेतला.

"पिशी, चाललीस कुठे? आणि मी थांबलो तर?"

"तर ती मरेल. थांबून बघ."

शंख काखोटीला मारून ती धावत मंडपात गेली. जनरेटरपाशी बसलेल्या पोराला म्हणाली, "माझ्या घरी तार टाक."

"सेक्रेटरीला विचारल्याशिवाय नाही जमणार, पिशी."

"मग विचार की! माझ्याच घरात बसलाय."

पोरगं गेलं. आणि ढाकांच्या दणदणाटाच्याही वर बिल्टूची किंकाळी ऐकू आली, "तार आणा रे! दिवे काढा, आधी तार आणा!"

अर्धा मंडप विझला. तार आली, मशीन सुरू झालं. पिशीने परत येऊन नळी मशीनला जोडली तरी बिल्टू रिकामा फुगा दाबतच होता, तिला तो हातातून हिसकावून घ्यावा लागला. नवा सदरा घामाने चिंब. तितिर त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"पिशी, शंख..." तो कसंबसं म्हणाला.

पिशीने शंख त्याच्या मांडीवर आदळला. "तूच फुंक."

बिल्टूने शंख तोंडाला लावला. नुसतीच हवा निघाली, फुसफुस. त्याने पुन्हा फुंकलं, आणि मग शंख तसाच हातात धरून हमसून हमसून रडायला लागला.

"रडतोस काय मेल्या?" पिशी कडाडली. "वीज यायच्या आत तो आकडा काढ!"