मान्यतेच्या दिवशीचं जेवण

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर असं की किराणावाला अजून माझी यादी मलाच वाचायला लावतो. पण परवा कणीक मळताना ती गोष्ट आठवली आणि एकटीच इतकी हसले की नात धावत आली. म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही खराडीच्या बाजूला एका लहान बायबल कॉलेजात राहत होतो. आजूबाजूला ज्वारीची शेतं. हे शेवटच्या वर्षाला होते, मी स्वयंपाकघरात मदत करायचे. यांच्या फीचे पैसे माझ्या मोठ्या भावाने उसने दिले होते. दादा हडपसरला कारखान्यात होता. आमच्या कॉलेजला मान्यता नव्हती, त्यामुळे पाळक व्हायला जी पदवी लागते ती देण्याचा त्याला हक्क नव्हता. पदवी नाही तर पाळकाची जागा नाही, पगार नाही, आणि दादाचे पैसेही नाहीत. दादा भेटला की विचारायचा, "काय पाळकीणबाई, तुमच्या कॉलेजला लोक कॉलेज म्हणायला लागले का?" मी खाली बघून चहा ओतायचे.

त्या वर्षी मान्यता देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. तिघांची समिती येणार होती. शिक्षक किती शिकलेत, शिकवतात कसं, मुलं राहतात कुठे, सगळं बघणार. आणि लायब्ररीला वेगळी खोली हवी, मुलांना बसून वाचता येईल अशी. आमची लायब्ररी म्हणजे प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीतली दोन कपाटं. मोठी खोली एकच, जेवणाची. मग मुलांनी तिला चुना दिला, फळ्या ठोकल्या, जेवणाची टेबलं हळदीचे डाग जाईपर्यंत घासली. दारावर पाटी लागली. आम्ही सगळे बाहेर पायऱ्यांवर ताट मांडीवर घेऊन जेवायचो आणि लायब्ररीकडे बघून खूश व्हायचो.

समितीत दोन साहेब आणि एक बाई. सकाळभर त्यांनी वर्ग पाहिले, पुस्तकं चाळली, मुलांना प्रश्न विचारले. मटणाचा रस्सा उकळत होता. प्रिन्सिपलसाहेबांच्या बायको आत आल्या, "पाहुण्यांना वाढायला घे," म्हणाल्या आणि तिथेच थबकल्या.

"अगं बाई! पण बसवायचं कुठे?"

एकालाही सुचलं नव्हतं.

"पायऱ्यांवर?" मी म्हटलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग चॅपलमध्ये?"

"वेदीसमोर मटण?"

मी घाबरले की मला हसू येतं. तेव्हा आलं ते थांबेचना. प्रिन्सिपलसाहेबांच्या बायकोसुद्धा "हसू नकोस गं" म्हणता म्हणता हसायला लागल्या. शेवटी जवळची म्हणून आमची खोली ठरली. दोघींनी खाट उचलून बाहेर काढली, सतरंजी टाकली. पाहुणे दारात आले तेव्हा दोरीवर यांचे दोन बनियन लोंबत होते. ते मी ओढून काखेत दाबले आणि तशीच वाढायला लागले.

जेवण छान चाललं होतं. मग थोरले साहेब म्हणाले, "रस्सा फार छान. मुलं रोज कुठे जेवतात?"

प्रिन्सिपलसाहेब घसा साफ करू लागले. हे दारात उभे होते, त्यांनी डोळे मिटले. परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते, पण तोंडातून निघून गेलं, "मागच्या आठवड्यापर्यंत तुमच्या लायब्ररीत. आता पायऱ्यांवर."

आणि मला पुन्हा हसू फुटलं. हात हलला, एक बनियन साहेबांच्या ताटाशेजारी पडला. समितीतल्या बाईंना ठसका लागला. मला वाटलं त्या रागावल्या, पण त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग थोरले साहेब, मग सगळेच.

समिती गेल्यावर हे म्हणाले, "तीन वर्षं तोंड उघडलं नाहीस. उघडायला आजचाच दिवस सापडला?"

पुढचे कित्येक महिने मला जेवण गोड लागलं नाही. मग निकालाचं पत्र आलं. प्रिन्सिपलसाहेबांनी ते आम्ही जेवत असताना उभ्याने वाचलं. मान्यता मिळाली होती. अट एकच, वर्षाच्या आत मुलांसाठी जेवणघर बांधावं आणि लायब्ररी आहे तिथून हलवू नये. मुलं "हालेलूया" ओरडत उठली, दोघांची आमटी सांडली. मी स्वयंपाकघरात पळाले आणि परात उचलून नाचले. कोणी पाहिलं नाही असं मला वाटतं.

यांना पदवी मिळाली, मग पाळकाची जागा. पगार थोडा, पण दर महिन्याला आम्ही हडपसरला जाऊन दादाला देत राहिलो. शेवटच्या वेळी त्याने नोटा न मोजताच खिशात घातल्या.

"अरे, मोजून घे," मी म्हटलं.

"पाळकाच्या बायकोचे पैसे मोजू?" असं म्हणून त्याने त्या पुन्हा काढल्या, आमच्यासमोर थुंकी लावून मोजल्या आणि म्हणाला, "बरोबर आहेत. फिटले सगळे."