नाइलेतची आरोळी

नाइलेत स्वस्थ बसलेली मी दोनदाच पाहिली, त्यातलं एकदा तापाने फणफणली होती म्हणून. एरवी तिच्या पायाला भिंगरी. लिमातल्या गामाऱ्याच्या कपडेबाजारात माझ्या गाळ्याबाहेर उभं राहून गिऱ्हाईक ओढायचं हे तिचं काम. उभं राहून हे आपलं म्हणायचं; ती नाक्यापर्यंत जायची, परत यायची, हातातला टी-शर्ट फडकवायची आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"या ताई, या! पोलो घ्या, चोम्पा घ्या, पोरांना कसाका घ्या! बघायला पैसे पडत नाहीत!"

ती दूर परदेशातल्या माराकाइबोची. उकाड्यात वाढलेल्या माणसाला लिमाचा जुलै, आमचा ऐन हिवाळा, म्हणजे शिक्षाच. कामाला लागली तेव्हा टी-शर्टला, म्हणजे आमच्या पोलोला, ती फ्रानेला म्हणायची, लोकरीच्या चोम्पाला स्वेतेर, कसाकाला, म्हणजे जाकिटाला, चाकेता. ट्रॅकसूटला आम्ही बुसो म्हणतो, ती मोनो म्हणाली. मोनो म्हणजे सरळ माकड! शेजारच्या गाळ्यातला उबाल्दो पोट धरधरून हसला. पुढे आठवडाभर तो तिला रोज विचारायचा, "काय गं, आज किती माकडं विकलीस?"

"तुझ्यासाठी गिऱ्हाईक मिळालं असतं तर तुलाही विकून टाकलं असतं," ती म्हणायची.

पण गिऱ्हाईक काही भाषा शिकायला बाजारात येत नाही. फ्रानेलाची आरोळी ऐकली की बायका तिच्या तोंडाकडे बघत आणि पुढच्या गाळ्यात शिरत. मी वानकायोची, डोंगरातली; मला गोड बोलता येत नाही. मी स्पष्ट सांगितलं, "तुझी फ्रानेला घरी ठेवून ये. इथे पोलो म्हटलंस तरच खपेल."

तिने मनावर घेतलं. येता-जाता पुटपुटायची: पोलो, चोम्पा, कसाका, बुसो. हेलसुद्धा आमचा उचलला. तिला नुसता धंदा नको होता. खोली भाड्याने मागायला गेलं की "तू कुठली गं?" म्हणून दार लोटून घेणारे लोक तिने पाहिले होते. आता तो प्रश्न कुणी विचारत नव्हतं. "मालकीणबाई, आता मला कोण ओळखणार!" असं ती खुशीत म्हणायची.

मग तिची आई आली. बाप वारला, म्हातारीला एकटीला सांभाळणारं कुणी उरलं नाही, म्हणून गावच्या कुणा ओळखीच्यांनी तिला बसमागून बस बदलत इथवर आणून सोडलं. एल्सिरा तिचं नाव. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि डोकं कधी ठिकाणावर, कधी नाही. माणसं आवाजावरून ओळखायची. खोलीत एकटी ठेवायची सोय नव्हती, तेव्हा नाइलेत तिला गाळ्यावर आणायची आणि कपड्यांच्या थप्प्यांमध्ये स्टुलावर बसवायची. वळून वळून बघायची; बोलायची मात्र तिच्या कानात, घरचा हेल कुणी ऐकू नये म्हणून. जास्तच येरझाऱ्या सुरू झाल्या तिच्या.

आमच्याकडे सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. गेलं तर दिवस गेला. पहिली विक्री झाली की त्याच नोटेने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढायचा. नाइलेत बाहेरची, त्यामुळे हे सगळं आमच्यापेक्षा कडक पाळायची. एका सकाळी पहिलीच बाई "महाग आहे" म्हणून चालू पडली. मी आत माल काढत होते. नाइलेत तिच्यामागे धावली, भाव उतरवत उतरवत नाक्याच्याही पुढे गेली. नोटेने क्रूस काढत परत आली, तर स्टूल रिकामं.

"आई? मालकीणबाई, आई आत आहे ना?"

नव्हती.

बाजारात कुणी हरवलं की आरोळीवाले निरोप तोंडातोंडी पुढे नेतात. उबाल्दोने सुरुवात केली आणि बघता बघता सगळी गल्ली ओरडू लागली: "चोम्पा घ्या, बुसो घ्या, गुलाबी चोम्पा घातलेली आजी कुणी पाहिली का!" नाइलेत या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होती. हमालांच्या हातगाड्या, भुरभुर पाऊस, त्यात ती गर्दी. मलाही धडकी भरली होती. म्हातारीला रस्ता ओलांडता येत नव्हता आणि पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर बसगाड्या कुणासाठी थांबत नाहीत.

"एका पोलोसाठी सोडून गेले मी तिला," नाइलेत म्हणत होती. "एका फडतूस पोलोसाठी!" मग एकदम म्हणाली, "मी बसस्टँडवर जाते. ती घरी जायला निघाली असेल."

"कुठेही जायचं नाही," मी खेकसले. "ती आवाजाने ओळखते ना? मग इथेच उभी राहा आणि ओरड."

ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडली. धंद्यात ओरडायची तशीच, आमच्याच हेलात. "लोकहो, माझी आई हरवलीय! गुलाबी चोम्पा, करडा बुसो! सेन्योरा एल्सिरा!" ओरडून ओरडून घसा फाटला तिचा. कुणी आलं नाही.

शेवटी आमच्या समोरच ज्याची गरम काढ्याची गाडी असते तो म्हातारा एर्मोखेनेस पाय ओढत आला. "माझ्याकडे एक बाई केव्हाची बसलीय," तो म्हणाला. "पण ती हरवलेली नाही. लेकीची वाट बघतेय म्हणते."

"अंगात काय आहे तिच्या?" मी विचारलं.

"माझा पोंचो. कुडकुडत होती, मीच पांघरला." एवढं बोलल्यावर त्याने स्वतःच कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही धावलो. गाडीच्या आडोशाला, कढत पेला धरून एल्सिरा बसली होती. नाइलेतने खाली बसून तिचे हात धरले. "सापडली! लोकहो, सापडली आई!" असं ती धापा टाकत म्हणाली. म्हातारीने हात सोडवून घेतले, पण अदबीने.

"बाई, तुमचा आवाज मी मघापासून ऐकतेय," ती म्हणाली. "अगदी माझ्या पोरीचा. मी उठलेसुद्धा. पण तुम्ही इथल्या. माझी नाइलेत असं बोलत नाही."

मला नाइलेतकडे बघवेना. मग तिने आईच्या गळ्याशी हात नेला आणि मी कित्येक महिन्यांत न ऐकलेल्या तिच्या गावच्या हेलात म्हणाली, "आई, स्वेतेर ओढून घे बघू वर. आतली फ्रानेला भिजलीय तुझी, मोनोपण ओला झालाय. आजारी पडायचंय का?"

म्हातारीने तिच्या दंडावर एक चापट मारली. "मेले, होतीस कुठे? एवढा वेळ एकटी बसलेय मी!" मग तिने नाइलेतला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणून सांगू लागली, "ऐक. इथे एक बाई ओरडत फिरतेय. तुझ्यासारखाच गळा आहे. तिची आई हरवलीय गं बिचारीची. घसा बसला तिचा. तू पळत जा, तिला मदत कर."

"जाते हं," नाइलेत म्हणाली, आणि आईच्या मांडीवर डोकं टेकून तशीच बसून राहिली.