नानांची उजवी लेन

लीलाधर नानांनी गाडी घेतली तेव्हा सगळं गाव पेढे खायला आलं. महिन्याभरात त्याच गावाने त्या गाडीला हात जोडले. एरंडोलहून पारोळ्याकडे जाणाऱ्या एसटीला उशीर झाला की कंडक्टर कारण शोधत बसायचा नाही. "नाना पुढे होते," एवढं म्हटलं की फाट्यावरची माणसं मुकाट्याने बसमध्ये चढायची.

आता तुम्हाला वाटेल, नाना गाडी दामटत असतील. छे हो! दामटली असती तर बरं होतं. वेग बैलगाडीपेक्षा जरासा जास्त, आणि जागा मात्र दुभाजकाला चिकटून, अगदी उजवीकडची, जी पुढे जाणाऱ्यांसाठी मोकळी सोडायची असते ती. मागून कोणी कितीही हॉर्न बडवला तरी नाना ढिम्म. शेजारून पुष्पाबाई म्हणायच्या, "अहो, जाऊ द्या ना त्याले, घाई शे त्याले." त्यावर नाना म्हणायचे, "मंग मी काय त्याले धरी ठेवेल शे का?"

नानांच्या म्हणण्यातही थोडं तथ्य होतं, उगाच नाही म्हणायचं नाही. डाव्या बाजूने उलट्या मोटारसायकली येतात, बकऱ्या येतात, कापसाचे ट्रॅक्टर डुलत चालतात. आणि दिवाळीनंतर तर डाव्या लेनमध्ये मका वाळत पडतो. रस्ता तापला की दाणा कसा खणखणीत वाळतो! नाना स्वतः कडेला दगड मांडून तिथेच मका पसरायचे. त्यामुळे डावी लेन म्हणजे खळं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "खळावर गाडी कशी घालानी? अन्नवर चाक?" असं ते विचारायचे. मका काही बारा महिने वाळत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

सांगितलं ते शेवटी कुंदनने, त्यांच्या मुलाने. तो धुळ्याला नोकरीला. एका शनिवारी एसटीने घरी निघाला, तर पारोळ्यापासून बस रांगतेय. पुढे ट्रक, ट्रकपुढे जीप, जीपपुढे ओळखीची पांढरी गाडी. अख्खी बस त्या गाडीवाल्याचा उद्धार करत होती. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोण शे रे तो? तुमनाच गावकडला वाटस." कुंदनने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "मी नाही ओळखत."

घरी आल्या आल्या त्याने हात पुढे केला. "नाना, किल्ली द्या."

नानांनी खिशातली किल्ली मुठीत घट्ट धरली. गुडघे गेल्यापासून मोटारसायकल सुटली होती. गाडी होती म्हणून बाजार होता, अमळनेरची सोयरीक होती, पुष्पाबाईंना दवाखान्यात न्यायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. किल्ली गेली की उरलं ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम करणं. पण हे सगळं बोलून दाखवतील तर ते नाना कसले! ते एवढंच म्हणाले, "मन्ही गाडी शे ती."

मध्ये पडली सून, दीपमाला. पुढच्या आठवड्यात नानांच्या धाकट्या बहिणीच्या, भागाबाईच्या मुलीचा धुळ्याला साखरपुडा होता. "नाना धुळ्यापर्यंत डाव्या लेनने गाडी नेतील," ती म्हणाली. "मी शेजारी बसते. उजवीकडे गेले तर किल्ली तुमची, नाही गेले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." नानांनी लगेच मान हलवली. डाव्या लेनने जाणं म्हणजे काय अग्निदिव्य आहे का, असा त्यांचा आव होता.

साखरपुड्याच्या सकाळी नाना टोपी घालून निघाले. पुढे दीपमाला, मागे ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या पुष्पाबाई. हायवेला लागताच कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला. "ओव्हरटेक करायला उजवीकडे गेलेलं चालतं हो," दीपमाला म्हणाली. नानांना त्यात डाव दिसला. ते ट्रॅक्टरच्या मागे मागे, कापसाचे उडते पुंजके खात, पारोळ्यापर्यंत गेले. पुष्पाबाई म्हणाल्या, "पायी निंघतूत ते आतेपावत पोची जातूत."

पारोळा मागे पडला, ट्रॅक्टरही वळला, आणि समोर मका! डाव्या लेनमध्ये लांबच लांब पिवळाधमक मका, कडेला दगड. नानांनी करकचून ब्रेक दाबला.

"नाना, इथे काढा उजवीकडून," दीपमाला म्हणाली. "मी नाही सांगणार कुंदनना."

"तू नही सांगशी. पन मी तर देखेल शे ना!"

उजवीकडे जायचं नाही आणि अन्नावर चाक घालायचं नाही. मग मार्ग एकच. नाना खाली उतरले, धोतर खोचलं आणि मका ओंजळीने बाजूला सारू लागले. मक्याची मालकीण तानुबाई शेतातून ओरडत आली. काय प्रकार आहे ते ऐकून तिने आधी कपाळावर हात मारला आणि मग खराटा आणला. "बठ्ठ्या गाड्या बाजूनी जातस, तुम्हीच एकला थांबनात!" असं म्हणत ती झाडू लागली. दीपमालेनेही साडीचा पदर खोचला. तिकडे साखरपुड्याचे फोन वाजत होते ते कुणी उचललेच नाहीत.

तेवढ्यात उजव्या लेनमधून एक निळी गाडी आली. आरामात, दुभाजकाला चिकटून. तिच्यामागे गाड्यांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशीच अॅम्ब्युलन्स. सायरन नुसता बोंबलत होता. अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात हलवत होता. निळ्या गाडीत मात्र टोपीवाले एक आबा समोर बघत निवांत चालले होते.

नानांचं टाळकंच सटकलं. "आरे ओ! सरक ना बाजूले! रस्ता काय तुना बापना शे का?" हे शब्द नानांनी आयुष्यात पुष्कळदा ऐकले होते, स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते.

आबा गडबडले आणि होते तिथेच थांबले. काच खाली करून म्हणाले, "काय झायं भाऊ?"

"मांगे अॅम्ब्युलन्स शे!"

आबांनी मान वळवून पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "माले काय माहीत! माले वाटनं, हॉर्न तर बठ्ठाच वाजाडतस."

नाना मक्यात उभे राहिले आणि दोन्ही हातांनी निळ्या गाडीला बोलावू लागले, इकडे, इकडे, मक्यावर! तानुबाईही ओरडली, "ल्या, मक्यावर ल्या! मका परत गोया करसू!" आबांनी गाडी वळवली. चाकांखाली दाणे कडाकडा फुटले, आणि अॅम्ब्युलन्स सुसाट निघून गेली. मागच्या काचेतून सलाईनची बाटली धरलेला एका बाईचा हात तेवढा दिसला.

तानुबाईने आबांना पाणी दिलं. नानांनी फुटलेला मका वेगळा काढून दिला, तिला हात जोडले आणि गाडी सुरू केली. धुळ्यापर्यंत ते डाव्या लेनने गेले.

मंडपात शेवटची पंगत उठत होती. भागाबाई रुसून बसली होती. कुंदन फाटकातच उभा होता. नानांनी उतरल्या उतरल्या किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"गेले ना उजवीकडे?" कुंदन म्हणाला.

"एकदाही नाही," दीपमाला म्हणाली. "मी साक्षीला आहे. मका झाडत आणलंय मला."

कुंदन हसला. पैज म्हणजे पैज. त्याने किल्ली परत पुढे केली. "घ्या नाना, तुमची गाडी. पुन्हा विषय नाही काढणार."

नानांनी किल्ली घेतली नाही. ते गाडीशी परत गेले आणि दाराशी वाकून उभे राहिले.

"कुंदन, इकडे ये," ते म्हणाले. "ह्या आरसामा मांगलं कसं देखतस, ते माले दखाड. मी आजपावत कधी देखंच नही."