पुतळ्याचं वजन

हे मी घरी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला माझ्या खिशातल्या चिठ्ठ्यासुद्धा पाठ असतात.

पुण्यात अग्निशमन दलाच्या प्रशिक्षण केंद्रात मी नोंदी ठेवतो. वीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बचाव पथकाच्या निवडीची चाचणी होती. वाळू भरलेला गोणपाटाचा पुतळा, वजन साठ किलो, खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून शिडीने खाली आणायचा — तीन मिनिटांत. घड्याळ माझ्या हातात. सकाळी सहा जणांना जेमतेम जमलं. चहानंतर दलात पंप चालवणारा रफिक आला आणि दोन मिनिटं दहा सेकंदांत उतरला. इतक्या लवकर? चहाच्या सुट्टीत तो पुतळ्याशेजारीच बसलेला मी पाहिला होता. मला तेवढं पुरलं.

पुतळा काट्यावर ठेवला. छप्पन्न. चार किलो वाळू गेली कुठे? — सगळ्यांसमोर विचारलं. तो हसला. म्हणाला, "अहो साहेब, मलाही चढवा की काट्यावर. खिशात सापडेल."

शेऱ्यात मी लिहिलं — पुतळ्यात फेरफार. त्याचं नाव दुसरं काही असतं, तर मी आधी काट्यावर संशय घेतला असता का? स्वतःला विचारून पाहिलंय. उत्तर चांगलं येत नाही.

पावसाळ्यात पुतळा मैदानातच भिजत राहिला. सहज तोलला — बरोबर साठ. वही मागे उलटली. ते जुनं साठ किलोही श्रावणातलं, ओल्या पुतळ्याचं, माझ्याच अक्षरातलं. उन्हाळ्यात वाळू सुकली होती, बस. सकाळच्या सहा जणांनीही छप्पन्नच उचलले होते; त्यांच्या वेळी मी काट्याकडे गेलोच नव्हतो.

वरिष्ठांना दोन ओळी लिहायला काय लागलं असतं? मी त्या पावसाळी तारखेपुढे "साठ किलो" लिहिलं आणि वही मिटली.

त्या शेऱ्यामुळे रफिकला पुन्हा चाचणीला बसू दिलं नाही. पथक वर चढतं, तो खाली पंपाशी उभा असतो. भेटला की विचारतो, "काय साहेब, वजन काय म्हणतंय?" त्याला कळलंय का? की नुसती थट्टा? मी त्याचा चेहरा निरखत राहतो — म्हणजे संशय अजूनही त्याच्यावरच.

आता मी पुतळा उन्हात वाळवून मगच तोलतो. का, ते कोणी विचारलेलं नाही. रफिक अजून पंपावरच आहे.