मास्तरांची मान

आमच्या गल्लीतल्या ड्रममास्तरांना मान न हलवता ताल ऐकताच येत नाही. शेजारी कोणी भिंतीत खिळा ठोकत असलं, तरी चौथ्या ठोक्याला यांची मान डोलते. ठोकणाऱ्याला वाटतं, दाद मिळाली.

अशा माणसाच्या उजव्या नाकपुडीने संप पुकारला. मग रक्त येऊ लागलं. तपासणीत गाठ निघाली, आणि तीही इतकी दुर्मिळ, की तिचं नाव सांगताना डॉक्टरांनी मध्ये एकदा श्वास घेतला. मास्तरांना थोडा अभिमानच वाटला.

सीटी स्कॅनमध्ये मात्र नाकाची ती बाजू डोळ्याच्या भिंतीपर्यंत एकसारखी करडी दिसली.

"यात गाठ किती आणि तिच्यामागे तुंबलेलं किती, ते एमआरआयमध्ये कळेल," डॉक्टर म्हणाले. "गाठ डोळ्यात शिरली असेल, तर डोळाही काढावा लागेल कदाचित."

घरी परतताना काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, रस्ताभर फक्त भाज्यांचे भाव काढले.

एमआरआयच्या बोगद्यात मास्तरांना सरकवलं आणि यंत्र ठोके देऊ लागलं.

"काका, हलू नका!" काचेपलीकडून तंत्रज्ञ मुलगी माइकवर म्हणाली.

"मी कुठे हललो?"

"मान हलली तुमची."

"हां, ती हलते."

तीनदा चित्रं पुसट आली. आता भूल द्यावी लागणार, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यातली तारीख. काकू त्या मुलीच्या मागेच उभ्या होत्या.

"आण गं तो माइक इकडे," त्या म्हणाल्या. "अहो, ऐकताय ना? तो फटाक्या वाजवतोय असं समजा."

फटाक्या म्हणजे पलीकडच्या गल्लीतला ड्रमवाला. एवढ्या वर्षांत त्याच्या वाजवण्यावर मास्तरांची मान काय, भुवईही हललेली नाही. यंत्र पुन्हा धडधडू लागलं. मास्तर दगड झाले. श्वासही नाइलाजाने घेत होते.

चित्रं लख्ख आली. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "गाठ एवढीच, वालाच्या दाण्याएवढी. डोळ्यापासून लांब आहे. दुर्बिणीतून काढू."

"आणि बाकीचं सगळं?" मास्तरांनी विचारलं.

"शेंबूड."

"लग्न झाल्यापासून सांगतेय, नाक शिंकरत जा!" काकू कडाडल्या आणि तिथेच खुर्चीत बसून ढसाढसा रडू लागल्या. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, तो स्वच्छ आहे की नाही ते उलटसुलट करून पाहिलं, आणि मग डॉक्टरांकडे कागदी मागितला.