बेलदरीचं वाढलेलं पाणी

आमच्या पातुरात फुकट मिळालेल्या वस्तूला किंमत नाही, आणि शाकीबनं नेमका फुकट द्यायचाच उद्योग काढला. तसं पोटापाण्यासाठी बसस्टँडसमोर त्याचं नेटचं दुकान होतं. सातबारा काढून देणं, परीक्षेचे फॉर्म भरणं, पासपोर्टचे फोटो, असलं सगळं. त्याच्या भिंतीला भिंत लावून माझं चपलांचं दुकान. त्यामुळे त्याचं शहाणपण आणि येडेपण दोन्ही मी रोज बिनतिकीट पाहिलं. येडेपण जरा जास्तच.

दोन हजार चौदा-पंधराचे दिवस. वऱ्हाडात पीक येवो न येवो, पाहणी करणारे मात्र भरघोस यायचे. पुण्याहून, दिल्लीहून, कुठकुठल्या विद्यापीठांतून गाड्या यायच्या. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरंपोरी उतरायची अन् विचारायची, घरात माणसं किती, बैल किती, विहिरीला पाणी किती, मन उदास राहतं का? लोक बिचारे चहा पाजून उत्तरं द्यायचे. गाडी गेली की गेली. शाकीबचं डोकं फिरलं ते इथं. अशाच एका संस्थेला त्यानं पत्र लिहिलं, की आमच्या तालुक्याची तुम्ही जमवलेली माहिती आम्हाला पाहायला द्या. उत्तर आलं, ती गोपनीय आहे. घ्या आता! बैल आमचे, विहिरी आमच्या, अन् गोपनीय कोणापासून, तर आमच्यापासून.

"मले सांग श्यामभाऊ," तो म्हणाला, "आपली माहिती आपनच कावून नाही मांडायची? इंटरनेटवर, उघडी. ज्याले पायजे त्यानं घ्यावी."

मी म्हटलं, मांड बाबा, पण उघड्या गुळाला मुंगळे लागतात. त्यानं ऐकलं नाही. माझं कोणीच ऐकत नाही, चपलेचं माप सोडून.

त्यानं विहिरी धरल्या. आधी गावोगाव गाठी मारलेले दोर वाटले, पाणी मोजायला. त्या दोरांनी लोकांनी बकऱ्या बांधल्या. मग त्याला अक्कल आली, की विहिरीची खरी खबर सरपंचाला नसते, पाणी भरणारीला असते. गावागावात एकेक बाई हेरली. महिन्याला तिला फोन करायचा, पाणी काय म्हणतं विचारायचं आणि तिचं उत्तर तीनपैकी एका शब्दात बसवायचं: वाढ, घट, जैसे थे. गावाचं नाव दरवेळी एकाच पद्धतीनं लिहायचं, तारखा एकसारख्या, एकही चौकट रिकामी नको. सोबत खुलाशाचं पान, माहिती कोणी दिली, कशी गोळा केली. शेवटी परवानगी: कोणीही घ्या, वापरा, वाटा, फक्त कोणाची आहे ते लिहा. नवरीला नटवावं तसा तो ती फाईल नटवायचा. त्याची आई खुर्शीदबी दुकानाच्या मागच्या खोलीत राहायची. हे सगळं तिनं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "और लोग क्या देंगे?" काहीच नाही, असं कळल्यावर ती उठून रोट्या टाकायला गेली.

त्याचं एक तत्त्व होतं. समोरचा बोलेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं मीठ त्यात घालायचं नाही. चांगलं तत्त्व. माझ्या दुकानात असतं तर मी भिंतीवर लावलं असतं.

बेलदरी हे डोंगराकडचं गाव, पातुराहून एसटीनं तासाभराचं. तिथली खबर गोदाबाई द्यायची. म्हातारी, विधवा, काळ्या मातीचा दोन एकराचा तुकडा एकटीनं कसणारी आणि गावात सगळ्यांच्या आधी विहिरीवर पोचणारी. बोलणं तोफेसारखं, पण काय बोलावं आणि काय नाही याचे नियम कडक. फाल्गुन आला तशी सगळ्या तालुक्यातून घट, घट, घट यायला लागली. बेलदरीतून आली वाढ. चैत्रात पुन्हा वाढ. शाकीब खुशीनं मला पडद्यावरची रेघ दाखवायला घेऊन गेला. सगळ्या गावांच्या रेघा खाली, बेलदरीची एकटी वर.

चैत्रात कोणत्या विहिरीला पाणी चढतं रे, मी विचारलं. म्हणे, "माहिती पटवायची नसते भाऊ, मांडायची असते."

मांडली. आणि माझ्या तोंडात माती, ती वापरलीही गेली. बाहेरदेशीच्या कोण्या विद्वानाला ती रेघ दिसली. त्यानं बेलदरीवर लेख लिहिला, की दुष्काळातही तिथं पाणी चढतंय, काहीतरी घडतंय. बेलदरीच्या वर एका संस्थेनं कधीतरी एक बंधारा बांधला होता, त्यात पोरं क्रिकेट खेळायची. त्या संस्थेला लेखाचा वास लागला. लागलीच हायवेच्या फाट्यावर फलक उभा राहिला: 'बेलदरीचा जलचमत्कार'. वर शाकीबची रेघ, खाली बारीक अक्षरांत शाकीबचं नाव. परवानगीत तसं लिहिलंच होतं ना. शाकीबनं फलकासोबत फोटो काढला. फाट्यावरून आत बेलदरीत जायचं मात्र त्याला सुचलं नाही. माहिती घरबसल्या येत होती, मग कशाला ऊन खायचं.

वैशाखात डोंगरातला झराही आटला, तशा बेलदरीच्या बायका टँकर मागायला कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबानं संगणक त्यांच्याकडे वळवला आणि सांगितलं, की तुमच्या गावचं पाणी वाढत आहे, साऱ्या जगाला माहीत आहे, टँकर ज्या गावात पाणी नाही त्यांना. बायकांनी विचारलं, हे कोणी सांगितलं? साहेबानं खालचं बारीक नाव वाचून दाखवलं.

दुपारी गोदाबाई शाकीबच्या दारात उभी. हातात रिकामी बादली. ती बादली तिनं बेलदरीहून एसटीत घालून आणली होती. फॉर्म भरायला आलेली गिऱ्हाईकं बाजूला झाली.

"तुह्या मशीनीत आमचं पानी हाय म्हन्ते," ती म्हणाली. "दे मंग बादलीभर."

शाकीब हसायला गेला, पण तिचं तोंड पाहून थांबला. मीही माझं दुकान सोडून आलो. त्यानं हात जोडून सांगितलं, आजी, तुम्हीच तर फोनवर म्हणाल्या, वाढलं म्हणून. फाल्गुनात म्हणाल्या, चैत्रात म्हणाल्या.

"मंग काय म्हनू? घरातलं पीठ सरलं तं म्या वाढलं म्हनलं. तेल सरलं तं वाढलं म्हनलं. मालक गेले तवा माह्या बांगड्याबी वाढवल्याच म्हनलं, फोडल्या नाही म्हनलं. अन् साऱ्या गावाच्या विहिरीले म्या तोंडानं वाईट म्हनू?"

गिऱ्हाईकांनी माना डोलावल्या. मला तर माझ्याच घरातली आई आठवली. कुंकवाचा करंडा रिकामा झाला की ती म्हणायची, कुंकू वाढलं, बाजारातून आण. आमच्यात भरल्या घरात संपलं म्हणत नाहीत. हे मला माहीत, गिऱ्हाईकांना माहीत. शाकीबला तेवढं माहीत नव्हतं, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा सरकवून खुर्शीदबी बाहेर आली.

"रोज शाम को मैं तेरे को क्या बोलती?" तिनं पोराला विचारलं. "दुकान बढ़ा दे, बोलती. बंद कर, बोलती क्या कभी?"

शाकीबनं खुर्ची ओढली आणि बेलदरीची फाईल उघडली. तिन्हीसांजेला आई दुकान वाढव म्हणायची आणि हा मुकाट शटर खाली ओढायचा. वर्षानुवर्षं ओढत होता. एका कानाला जे कळत होतं ते दुसऱ्या कानाला फोन लावला की कळत नव्हतं, कारण फोनवरची माहिती होती आणि आईचं नुसतं बोलणं. खुर्शीदबीनं गोदाबाईला आत नेऊन पाणी पाजलं आणि बादलीही भरून दिली. ती बादली म्हातारीनं एसटीत मांडीवर धरून नेली.

शाकीबनं गोदाबाईसमोरच फाईल दुरुस्त केली होती. फाल्गुनापासून बेलदरी कोरडी. खुलाशाच्या पानावर चूक कबूल केली, फलकवाल्यांना कळवलं, विद्वानाला कळवलं आणि कचेरीत धावला. कचेरी म्हणाली, आमच्याकडे आधीची फाईल नोंदली गेली आहे. तुम्हीच आधी वाढ म्हणता, तुम्हीच कोरडी म्हणता, खरं कुठलं धरायचं? ज्या बाईनं माहिती दिली तिनं पंचांसमोर बोलायला पाहिजे.

साहेब पंच घेऊन बेलदरीला गेले. शाकीब होता, मीही गेलो. साहेबानं विहिरीत डोकावून पाहिलं. तळाला दगड आणि एक फुटका माठ, लख्ख उन्हात. पाहिल्यावर कोणीही कागदावर सही केली असती. साहेबानं रुमालानं मान पुसली आणि गोदाबाईला विचारलं, पाणी आहे की संपलं? ती म्हणाली, "वाढलं." शाकीबनं समजावायला सुरुवात केली, की साहेब, यांच्यात वाढलं म्हणजे संपलं. साहेब म्हणाले, "मले काय सांगता, माही मायबी तसंच म्हन्ते. पन कागदावर वाढलं म्हणजे वाढलंच. बाईंनी स्वच्छ शब्दात सांगावं."

सगळ्या गावच्या बायका रिकामे हंडे घेऊन बघत होत्या. कोणी म्हणेना की राहू दे म्हातारे. उलट एकीनं मागून ढकललं, म्हन ना बाई, लेकरं तहानली. गोदाबाईनं पदर डोक्यावर ओढला, विहिरीकडं पाठ केली, जणू तिला ऐकू जाऊ नये, आणि म्हणाली, "संपलं." साहेबानं लिहून घेतलं आणि तिचा अंगठा घेतला.

आठवड्याच्या आत टँकर आला. बेलदरी पोटभर प्याली. त्या साली मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही तशीच, आणि गावाला कारण सापडलं. म्हातारीनं विहिरीवर उभं राहून अपशकुनी शब्द काढला. टँकरच्या रांगेत तिचा हंडा शेवटी ठेवायला लागले. ज्या बाईनं तिला ढकललं होतं ती तर सगळ्यांत आधी म्हणायची, तिच्या तोंडानं गेलं पाणी. मला हे कळलं तेव्हा शिव्याच आल्या तोंडात, अजूनही येतात.

शाकीब लॅपटॉप घेऊन बेलदरीला गेला. पारावर बसून त्यानं लोकांना तारखा दाखवल्या: विहीर आटली फाल्गुनात, म्हातारी बोलली वैशाखात. आधी काय झालं ते तुम्हीच पाहा. लोकांनी पाहिलं. एकानं विचारलं, याच्यावर मॅचचा स्कोर लागते का? मग शाकीब गोदाबाईच्या दारात गेला आणि तिलाही तेच दाखवायला लागला. तिला वाचता येत नव्हतं, त्यानं वाचून दाखवलं.

"तुही तारीख खरी असन बाबा," ती म्हणाली. "पन विहीर तं दरसाली आटे. दरसाली म्या वाढलं म्हनो, अन् पावसाळ्यात ते परतून ये. औंदा म्या संपलं म्हनलं."

शाकीबची माहिती अजून इंटरनेटवर आहे, उघडी, दुरुस्त केलेली. कोणीही घ्यावी. त्या विद्वानानं आभाराचं सुंदर पत्र पाठवलं, की चूक मान्य करण्याचा असा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे. पत्र आलं त्या दिवशी मी चपला पोचवायला बेलदरीला गेलो होतो. गोदाबाई विहिरीच्या काठावर ओणवी झाली होती आणि आतल्या दगडांना हळू आवाजात सांगत होती, चुकलं माय माहं, ये आता.