निपल नसलेला स्टोव्ह

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझा विश्वास वॉशर, निपल आणि रॉकेलवर! कोल्हापुरात राहतो, जुने पितळी प्रवासी स्टोव्ह जमवतो. नुसते मांडत नाही, दर रविवारी एकेकावर चहा करतो.

असाच एक स्टोव्ह शिरोळहून बहिणीच्या सासूबाईंकडून, म्हणजे मावशींकडून, "दुरुस्त करून देतो" म्हणून आणला. त्यांच्या यजमानांचा, ते वारल्यापासून बंद. पण माझी नियत फिरली... त्याचं निपल, बर्नरमधला बारीक भोकाचा तुकडा, मी माझ्या दुसऱ्या स्टोव्हसाठी काढून घेतलं. चिंचेनं लख्ख घासून, काडेपेटीत कापसात गुंडाळून कपाटात ठेवलं. मावशींचा स्टोव्ह नुसता चकचकीत करून परत द्यायला गेलो. म्हटलं, कोण पेटवतंय आता!

त्याच मुक्कामात पूर आला. २००५ चा पावसाळा. आम्ही जिन्यावरच्या खोलीत, खाली गॅससकट सगळं घर पाण्यात. बहीण तापानं फणफणलेली, दूध आटलेलं. सव्वा महिन्याच्या भाचीला पावडरचं दूध द्यायचं तर पाणी उकळायला हवं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं रडणंही थांबलं. बहीण माझ्याकडं बघत राहिली.

मावशींनी ट्रंकेतून स्टोव्ह काढला, कंदिलातलं रॉकेल ओतलं.

"मावशी, ह्यो पेटायचा न्हाय."

"का?"

खरं सांगायचं होतं हो... पण थाप मारली.

"वॉशर वाळला असंल."

"पंप मारा, पावणं."

रॉकेलात भिजवलेला काकडा पेटवून बर्नर तापवला. निपल नसलं की रॉकेल तसंच वर येतं, भडका उडतो. पोरीला मागं सरकवलं, रडत रडत पंप मारला. आणि स्टोव्ह फरफरला! निळी, घट्ट ज्योत. पाणी उकळलं. पोरगी दूध प्यायली.

स्टोव्ह निवल्यावर मी बर्नर चाचपला. निपलची जागा मोकळीच.

आठवड्यानं कोल्हापूर गाठलं. घराचं कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्या खिशात. काडेपेटी उघडली. निपल काजळीनं काळंकुट्ट, भोवतीचा कापूस करपलेला.

तसाच शिरोळला गेलो. मावशींचे पाय धरले, चोरी कबूल केली.

"म्हाईत हुतं की," त्या म्हणाल्या. "परत दिलासा तवाच बघितलं मी."

"मग पेटवायला का काढलासा?"

"दुसरं काय हुतं हातात?"

निपल मी तिथंच बसवलं. भाची आता कॉलेजात जाते. ते पाणी कशावर उकळलं, मला आजही सांगता येत नाही.